अकरा दिवसांचं गिऱ्हाईक

बातमी आली तो मंगळवार होता. सकाळी अकरा दिवसांच्या एका मुलीचे फोटो काढून झाले होते. ताई बाळांना गुंडाळायचं मऊ कापड आणायला सदर बाजारात गेली होती आणि मी समता कॉलनीतल्या आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसले होते. फोन ताईच्या मोबाइलवरून आला, पण बोलत होता कापडवाला. "दीदी, आप जल्दी आ जाइए." मी पोचले तेव्हा ताई गेलेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या सकाळच्या मुलीचे फोटो तेवढे द्यायचे राहिले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबांध्याला, तिचे आईवडील वाट बघत होते. मी रोज कामाला बसायची आणि रोज किस्सेच आठवत राहायचे. इतक्या वर्षांत बाळांपेक्षा तेच जास्त साठले असावेत.

*

बाळ दोन आठवड्यांचं व्हायच्या आत फोटो काढावे लागतात, कारण तोवर ते पोटात असल्यासारखं अंग मुडपून गाढ झोपतं. आणि आपल्याकडे सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढत नाहीत. त्यामुळे दर बाळामागे एक आजी नाराज.

एक आजी तर नातवाला छातीशी धरून आमच्या पायरीवरच बसल्या. आत यायलाच तयार नाहीत. सुनेने समजावलं, मुलाने समजावलं. शेवटी ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आजी, तुमच्याच मांडीवर राहू द्या ना. तुमच्या मांडीवर हाये तोवर तो घरातच हाये."

आजींनी जरा विचार केला. मग हळूच विचारलं, "मंग मी पावडर लावून घेऊ का?"

*

बाळांच्या अंगावरचे डाग, पुरळ मी कॉम्प्युटरवर साफ करते. सुरुवातीला एकदा त्याच झपाट्यात एका बाळाच्या कपाळावरचा काजळाचा टिळाही साफ केला. दोन दिवसांनी त्याची आजी फ्रेम घेऊन हजर.

"काहून पुसला वो?"

मी माफी मागितली, दुसरी प्रिंट देते म्हटलं. त्यांना तेवढा धीर नव्हता. पिशवीतून काजळाची डबी काढली, बोटाने काचेवर बरोबर जागेवर टिळा लावला आणि फ्रेम पुन्हा पिशवीत घातली.

ताई त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. "काच पुसू नका हं," तिने आठवण करून दिली.

*

बाळ उघडं असतं, म्हणून भर मे महिन्यातही आमचा हीटर चालू. एक आजोबा घामाघूम होऊन सारखे कुरकुरत होते की फोटो काढायला आणलंय की भाजायला. ताईने त्यांना शर्ट काढून बसायला सांगितलं आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळ झोपलं. आजोबाही झोपले. मी फोटो काढला.

त्या घरात, हॉलमध्ये, पाहुण्यांच्या बरोबर समोर तोच फोटो लागला. बनियनवर. आजोबांना कुणी विचारलं नाही.

*

बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून बसलंय, असा एक फोटो सगळ्यांनाच हवा असतो. बाळाला ते कुठून जमणार? ताई आधी त्याचं डोकं धरायची, तेव्हा मी एक फोटो घ्यायची. मग ती मनगटं धरायची, तेव्हा दुसरा. नंतर मी दोन्ही फोटो जोडून तिचे हात काढून टाकायची. शेकडो फोटोंमधून मी ताईचे हात काढलेत. बाळ असं बसलं कसं, हे कुणी विचारलं की ती म्हणायची, "त्यालाच विचारा."

ताई गेल्यावर तीन महिन्यांनी तेलीबांध्याची आई मुलीला घेऊन आली. तक्रार केली नाही. इतकंच म्हणाली, "दीदी, आता तर ही मान धरून राहिली."

मी तिला स्क्रीनवर सगळे वीस फोटो दाखवले. शेवटच्या फोटोत मुलीच्या डोक्यावर ताईची बोटं होती, नखांत हळदीचा पिवळेपणा. आईने त्या बोटांकडे बघितलं. मग मुलीचं टोपडं नीट केलं आणि म्हणाली, "तुम्हाला जमेल तेव्हा द्या."

एकोणीस फोटो मी त्याच संध्याकाळी पाठवले. विसाव्यातले हात अजून काढलेले नाहीत.