लेखी द्या, मग बघू

आपल्या बायकोला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, असं वाचनालयाच्या बाईंच्या यजमानांचं ठाम मत होतं. ते रोज टीव्हीवरच्या चर्चा पाहायचे आणि खुर्चीत बसूनच समोरच्या पाहुण्यांना गप्प करायचे. बाई जाता जाता आवाज बंद करत आणि हातवारे करणाऱ्या त्या चार डोक्यांच्या तोंडी घरातली वाक्यं घालत, "गॅस मी बंद केला होता, तुम्हीच परत लावलात." यजमानांना हसू यायचं, पण ते दाखवायचे नाहीत.

खरं तर गेली बावीस वर्षं राजकारण बाईंच्या नाकासमोरच घडत होतं. सकाळी आठला वाचनालयाचं कुलूप काढून त्या चार पेपर टेबलावर मांडायच्या, की दहा मिनिटांत मास्तर आणि औषधवाले हजर. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, सरकारचे कट्टर समर्थक. औषधवाले दुकान उघडायची वेळ होईपर्यंत त्याच सरकारला धारेवर धरायचे. दोघांचे पेपर ठरलेले. दुसऱ्याच्या पेपरकडे दोघंही ढुंकून पाहत नसत. मात्र शब्दकोडं औषधवाल्यांच्या पेपरात झकास यायचं आणि संध्याकाळी सामसूम झाली की मास्तर येऊन तेवढंच पान उघडून बसायचे. बाईंनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सोमवारी सकाळी वाचनालयाचे अध्यक्ष आले. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांना तिकिटाची आशा होती.

"बाई, हा पेपर उद्यापासून नको," औषधवाल्यांच्या हातातल्या पेपराकडे बोट दाखवत ते म्हणाले. "उगाच लोकांची डोकी भडकवतो."

बाईंची नोकरी कंत्राटी, दरवर्षी अध्यक्षांच्या सहीवर पुढे सरकणारी.

"बरं," त्या म्हणाल्या. "तेवढं लेखी द्या. फळ्यावर लावते."

"लेखी कशाला? आपण घरचीच माणसं."

"लोक मला विचारतील ना. मी काय सांगू?"

अध्यक्षांनी आधारासाठी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पेपर टुकार आहे, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण तो बंद केलात, तर मी रोज चिडायचं कशावर?"

"आणि कोडं?" बाईंच्या तोंडून निसटलंच.

मास्तरांचे कान लाल झाले. औषधवाले पेपराआडून हळूच बाहेर डोकावले. "म्हणजे माझ्या पेपराच्या जुन्या अंकांत शाईनं खाडाखोड करणारे तुम्हीच होय?"

त्यावरून दोघांची अशी जुंपली की अध्यक्ष कधी निघून गेले, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. लेखी काही आलं नाही आणि पेपर चालू राहिला.

कंत्राटावरची सही मात्र तीन आठवडे रखडली. त्या दिवसांत बाईंची झोप उडाली होती. पण "लेखी द्या" म्हटल्याचा पश्चात्ताप काही होईना, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं. शेवटी एका दुपारी शिपाई सही झालेला कागद टेबलावर ठेवून गेला. तिकीट दुसऱ्यालाच मिळालं होतं, अध्यक्षांचा राग तिकडे वळला असावा.

वाचनालयात तेव्हा कुणी नव्हतं. बाईंनी कागद कपाटात ठेवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच चारही पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले. त्यांना सगळ्यात पटलं ते हवामानाचं सदर. तेवढंच बिचारं "शक्यता आहे" म्हणत होतं.