नानांच्या बातमीतला स्टोव्ह

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पण त्याच्याही आधी मनात आलं, आता हा माणूस मला खरं काय ते कधीच सांगणार नाही...

नाना आमच्या पेपरच्या विश्रामबाग कचेरीतले जुने बातमीदार. मला उपसंपादक म्हणून त्यांनीच शब्द टाकून लावलं, हाताला धरून शिकवलं. त्यांची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेले की "लय तहान लागलीय" म्हणत, आणि पाणी यायच्या आत स्वतःच उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहत. "नाना, डोळा फोडणीवर दिसतोय," अशी मी चेष्टा करायची. ते हसायचे नाहीत.

त्यांच्या उमेदीच्या काळात बातम्यांत एक इंग्रजी शब्द फार चालायचा. स्टोव्ह. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' आतल्या पानावर तीन ओळी. गाव बदलायचं, नाव बदलायचं, स्टोव्ह तोच. आणि हा स्टोव्ह मोठा शहाणा, भडकायचा तो सुनेच्याच अंगावर. सासूला किंवा नवऱ्याला त्याची झळ लागल्याचं त्या जुन्या अंकांत मी तरी कधी वाचलं नाही.

माझी थोरली मावशी अशाच तीन ओळींत गेली. कुपवाडला दिली होती तिला. "आक्काकडं स्टोव्ह न्हवताच, चुलीवर करायची ती," आई जीव तोडून सांगत राहिली. पण सासरच्यांनी कात्रण पुढं केलं. छापून आलंय म्हटल्यावर आजोबाही गप्प बसले, आणि आईच भ्रमिष्ट ठरली.

एकदा कचेरीत मी सहज म्हणाले, "नाना, माझी मावशी पण स्टोव्हनंच गेली. कुपवाडची." नाना चष्मा पुसायला लागले. "पंचनाम्यात असंल तेच लिवणार की गं आमी..." मी तर अजून काही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून शंकेची पाल माझ्या मनात चुकचुकत होती.

तेराव्यानंतर नानांच्या बायकोनं, काकूंनी, मला बोलावलं आणि नानांची एक वही हातात ठेवली. त्यात सगळी स्टोव्हची कात्रणं, प्रत्येकाखाली पेन्सिलनं एखादी ओळ. 'स्टोव्ह कोरा, वापरलेला नाही.' 'स्टोव्ह माळ्यावर, धुळीत.' मावशीच्या कात्रणाखाली होतं, 'पाणी प्यालो. चूल आहे. स्टोव्ह नाही.'

"तुज्यावर लय जीव हुता बाई त्यांचा," काकू म्हणाल्या. असेल. पण ती नोकरी, ते शिकवणं, ती शाबासकी... आता सगळ्याचाच संशय येतो; मी कुणाची भाची ते त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं का? मला राग आला नानांचा, आणि अजून तो गेलेला नाही.

घरी आले. ऐंशीची आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. "काय दिलं गं काकूंनी?" मी म्हटलं, "आधी पाणी दे," आणि दारातच उभी राहिले. मग माझी मलाच शरम वाटली. वही उघडून ती ओळ आईला वाचून दाखवली.

आईनं वही जवळ ओढून घेतली. हातातली शेंग तशीच.

"बगून आलता व्हय त्यो?" ती म्हणाली. "मग लिवलं का न्हाई?"