निऱ्यांत खोचलेलं फडकं

"जखमेला काय लावतोस?" डॉक्टरने विचारलं.

"तेल," तेलवाला म्हणाला.

"कसलं तेल?"

"मिलचंच. सुट्टी झाली की डबीत थोडं घरी आणतो. असं भारी तेल बाजारात मिळत नाही, साहेब."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मी बाजूच्या बाकावर बसलो होतो, तो उठून उभाच राहिलो. आपलं काय चुकलं ते न कळून तेलवाला आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिला.

हा तेलवाला आमच्या गावच्या गिरणीतला. गिरणीचं नाव मी देत नाही. ते दिलं तर बाकीच्या गिरण्यांना आपण सुटलो असं वाटेल. त्याचं काम म्हणजे शिडी घेऊन फिरायचं, वरच्या फिरत्या दांड्याच्या सांध्यांना तेल घालायचं आणि खाली साच्यांच्या सूत कातणाऱ्या चात्यांना तेल द्यायचं. वर चढताना एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्यात तेलाची झारी. मग सांडलेलं पुसायचं फडकं कुठे ठेवायचं? ते धोतराच्या पुढच्या निऱ्यांत खोचायचं. त्याच्या आधीचा तेलवालाही तिथेच खोचत होता, आणि ह्याला काम त्यानेच शिकवलं. फडकं भिजलं की निऱ्या भिजायच्या, निऱ्या भिजल्या की आतलं सगळं भिजायचं. सकाळी चढलेलं ते ओलं धोतर भोंगा होईपर्यंत अंगावर. गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर त्याची ठरलेली थट्टा होती. तो आला की कोणीतरी ओरडायचं, "बिड्या विझवा रे! हा पेटला तर गिरणीसकट जाऊ!" तोही हसायचा आणि दुसऱ्याची बिडी मागून ओढायचा.

युनियनच्या कचेरीत तो आला तेव्हा मात्र हसत नव्हता. मी तिथे पत्रकं लिहायचो. माझं वय तेव्हा बावीस, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर एक पान खरडायची तयारी. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही पत्रक काढतात ना? मना सासराले एक कागद लिखी द्या."

कागदात काय लिहायचं ते सांगायला त्याला बराच वेळ लागला. त्याला जांघेत जखम झाली होती. जांघेत म्हणजे अंडकोशावर. त्याने शब्द वापरला नाही, नुसती मान खाली घातली. आधी चामखीळ आली, मग ती फुटली, मग भरेचना. बायकोला कळलं. बायकोकडून तिच्या आईला, आईकडून भावांना. असल्या जागी असली जखम म्हणजे एकच अर्थ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं : हा बाहेरख्याली आहे, गिरणीच्या गावात वाईट बायकांकडे जातो. भाऊ येऊन बहिणीला आणि तान्ह्या पोराला साक्रीच्या पलीकडच्या आपल्या गावी घेऊन गेले. आता पंच बसणार होते. फारकत.

"मी कोठेच जायेल नही, भाऊ," तो म्हणाला. "पोरनी आन."

कागद लिहिण्याआधी डॉक्टर, असं मी म्हटलं. गावातल्या डॉक्टरकडे तो जाईना, चार लोक बघतील म्हणून. मग जळगावला नेला. तिथे एक डॉक्टर होते, आधी मुंबईत गिरणगावच्या एका इस्पितळात काम केलेले. त्यांच्यासमोर ते तेलाचं निघालं.

डॉक्टरने पेन पुन्हा उचललं तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "काम काय करतोस?" उत्तर ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, "हा गुप्तरोग नाही. हा कातडीचा कॅन्सर आहे, आणि तो ह्या तेलाने झालाय. विलायतेत गिरणीवाल्यांना हा होतो हे तिथल्या डॉक्टरांना फार वर्षं माहीत आहे. मुंबईला जाऊन कापून घे. लगेच जा, तर वाचशील."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हे तुमच्या फॅक्टरी कायद्यातच आहे. खनिज तेलाने, डांबराने होणारा कातडीचा कॅन्सर. असा रोगी दिसला की डॉक्टरने मुख्य इन्स्पेक्टरला कळवायचं. इथे आल्यापासून अशा जागेच्या जखमा मी आणखीही पाहिल्या असतील. तू काम काय करतोस, हे विचारायचं सुचलं नाही."

तुमच्या कायद्यात! परतीच्या गाडीत माझं डोकं फुटायची वेळ आली होती. कायद्याचं पुस्तक आमच्या कचेरीच्या कपाटात होतं. कामाचे तास, भरपगारी रजा, जादा काम, एवढी पानं हाताळून काळी झाली होती. शेवटची पानं कोरी करकरीत. मी ती उघडली आणि रोग तिथे होता. स्वातंत्र्य मिळालं, कायदा झाला, कायद्यात रोग छापला गेला, त्यालाही वर्षं लोटली, आणि ज्याला तो रोग झाला तो रोज त्याच तेलाने जखम चोळतोय! गेटावर कायद्याचा गोषवारा टांगलेला असतो. मी जाऊन पाहिलं. काचेवर कापसाच्या पिंज्याचा आणि तेलाचा असा थर होता की आतली भाषा मराठी की फारशी ते कळू नये.

त्याच दुपारी पत्रक लिहिलं आणि आमच्या म्होरक्यांकडे नेलं. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नानांनी पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"हे काय लिहिलंस?"

"अंडकोश."

"ते दिसतंय मला. अरे, कांडीखात्यात बाया काम करतात. त्यांच्या हातात देणार हे?"

"त्यांच्या नवऱ्यांनाच होतंय, नाना."

"जांघ लिही."

"जांघेत गळू होतं. जांघ लिहिलं तर कोण घाबरेल?"

"महागाई भत्त्यावर लिही त्यापेक्षा," नाना म्हणाले. "असल्या पत्रकाने युनियन बदनाम व्हायची."

छापखान्यातल्या जुळाऱ्याने तर त्या शब्दासाठी अक्षरांचे खिळे हातात घ्यायलाच नकार दिला. पत्रक तसंच राहिलं.

इकडे तेलवाला मुंबईला जाईना. मी त्याला दोन शिव्याही दिल्या. तो म्हणाला, "भाऊ, आत्ता जाऊन तिथली जागा कापून आलो, तर गाव काय म्हणेल? बघा, कापावी लागली. खरंच होतं. पंचांसमोर आधी साफ होऊ द्या, मग कुठेही कापा." जीव जाईल, मी म्हटलं. "जीव जाईल तो माझा," तो म्हणाला. "नाव जाईल ते पोराचं."

म्हणजे आता सगळं त्या पंचांवर आलं. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. तिथे ती वाचणार कोण? मी स्वतः निघालो. धुळ्याला एसटी बदलली, साक्रीला उतरलो, पुढे पायी. सगळी वाट तो पाय फाकवून चालत होता, आणि कोणी समोरून आलं की सरळ चालायचा प्रयत्न करत होता.

पंच सासऱ्याच्या खळ्यात बसले होते. एका बाजूला भुईमुगाच्या वेलांचा ढीग, मागे तुरकाठ्यांचा कूड, आणि कुडाच्या पलीकडे बाया. त्या दिसत नव्हत्या, बांगड्या ऐकू येत होत्या. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सुरुवात केली. रोग कसला, जागा कुठली, कशाने झाला. जागेचं नाव घेतलं तसा एक म्हातारा हात वर करून म्हणाला, "ओ भाऊ, आठे बाया शेतस!"

"बायांसाठीच बोलतोय, आबा. त्यांच्या नवऱ्यांचा जीव आहे हा."

मेव्हणा उसळला. "दखा, दखा! रंगढंग हाऊ करस, आनि नाव तेलनं! तेल लाईसन कोनं वाईट व्हयनं शे का?"

खळ्यात सगळे हसले. हसू साहजिक होतं. आपल्याकडे पोर जन्मलं की तेल, लग्न लागलं की तेल, हाड मोडलं की तेल. तेलाने माणूस मरतो म्हणणारा मी वेडाच. हे तेल शेंगांचं नव्हे, जमिनीतून काढलेलं, यंत्राचं, असं मी सांगू लागलो.

"मंग गिरणीमा बठ्ठासले का नही व्हयनं?" मेव्हणा म्हणाला. "ह्यालेच कसं?"

"बाकीचे सुतात काम करतात, हा तेलात करतो," मी म्हटलं. "आणि बाकी कोणाला झालं नाही हे तुला कोणी सांगितलं? झालं तर ते सांगतील? सांगितलं की काय होतं ते समोर बघ ना! बायको जाते, पंच बसतात!"

तेलवाला मातीत पायाच्या बोटाने रेघ ओढत होता. हरलो, असं मला वाटलं. पत्रकं लिहून लिहून वाटायला लागतं की मुद्दा बरोबर असला की माणसाला पटतो. तिथे कोणालाच पटलेलं नव्हतं.

तेवढ्यात कुडामागून बाईचा आवाज आला. "आबा, तो डाग मी धोयेल शे."

ती त्याची बायको होती. सासरा ओरडला, "तू चूप बस!" पण ती चूप बसली नाही. लग्न झाल्यापासून त्याची धोतरं मीच धुते, ती म्हणाली. सोडा टाकून, राख टाकून, दगडावर आपटून. बाकीचं धोतर निघतं, पण पुढे, निऱ्यांच्या जागी, हातभर काळा डाग राहतो. "हात सोलाई ग्यात, पन तो डाग निंघना नही. जठे डाग, तठेच जखम."

मग ती कुडातून पुढे आली. डोक्यावर पदर, खांद्याशी झोपलेलं पोर. पोराभोवती गुंडाळलेला कपडा तिने सोडवला आणि बापासमोर धरला. जुन्या मऊ धोतराचा तुकडा. मधोमध करड्या रंगाचा भला मोठा डाग.

"पोरना बाळुता त्याच धोतरना शेतस," ती म्हणाली.

सासऱ्याने ते बाळुतं नाकाशी नेलं. कितीदा धुतलेलं, तरी त्याला यंत्राचा वास येत होता. एसटीच्या बॉनेटखाली येतो तसा. त्याने ते शेजाऱ्याच्या हातात दिलं, शेजाऱ्याने पुढच्याच्या. बाळुतं पंचांतून हातोहात फिरलं. मेव्हण्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. हसणारं आता कोणी नव्हतं.

बाई माझ्याकडे वळली. "भाऊ, पोरले काय व्हई का?"

मी कायदा शेवटच्या पानापर्यंत वाचून गेलो होतो. कायद्यात कामगार आहे, मालक आहे, इन्स्पेक्टर आहे, डॉक्टर आहे. कामगाराचं धोतर घरी धुणारी त्यात नाही. त्या धोतरात गुंडाळलेलं पोर त्यात नाही. गिरणी तेल फाटकाच्या आत विकत घेते, पण ते फाटकाबाहेर जातं, नदीवर जातं, पाळण्यात जातं, आणि हे सरकारच्या, युनियनच्या, माझ्या, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! "माहीत नाही, ताई," एवढंच मी म्हणालो. "आजपासून ते कपडे पोराच्या अंगाला लावू नका."

सासरा उठला. जावयाकडे त्याने पाहिलं नाही, पण मेव्हण्याला म्हणाला, "गाडी जुप. ह्यासले साक्रीले सोडी ये." फारकतीचा विषय पुन्हा निघाला नाही. निघण्याआधी बाईने सगळी बाळुती खळ्याच्या कडेला टाकली आणि काडी लावली. आईने काकुळतीने म्हटलं, "अवं, पोरले काय घालशी?" तिने आपल्या लुगड्याचा पदर फाडला.

मुंबईला ती त्याच्याबरोबर गेली. कापलं. रोगाच्या गाठी आत गेल्या आहेत का ते पुढे कळेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते अजून कळायचं आहे. जळगावच्या डॉक्टरांनी इन्स्पेक्टरकडे लेखी कळवलं. एक साहेब येऊन गेले, असा कागद ह्या बाजूने पहिल्यांदाच आला म्हणाले. त्यानंतर गिरणीने एक पाटी लावली : तेलवाल्यांनी कपड्यांत फडके खोचू नये. मग कुठे ठेवावे? पाटीवर नाही. आमची मागणी काय होती? शिडीला एक खिळा, फडकं अडकवायला. कामाचे कपडे गिरणीचे आणि धुवायचे गिरणीतच. साबण, पाणी. ज्या मालकाच्या गोदामात कापडाच्या गाठींवर गाठी रचल्या आहेत त्याला शिडीत एक खिळा ठोकता येत नाही! पत्रक मी शेवटी हाताने लिहून काढलं, त्या शब्दासकट, आणि गेटावर चिकटवलं. नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तेलवाल्याला परत कामावर घेतलं नाही. तो गेटासमोरच्या टपरीवर बसतो, जाड गोधडीची घडी खाली घेऊन. काल दुपारची पाळी आत जात होती. नवा तेलवाला शिडी खांद्यावर घेऊन आला, फडकं पुढच्या निऱ्यांत. हा टपरीवरून ओरडला, "ए, फडकं काढ! मना अंडकोश कापाई गया त्या फडकानी! काढ!"

सबंध पाळी थांबली. कांडीखात्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नवा पोरगा लाजून लाल झाला आणि म्हणाला, "मग ठेवू कुठे, दादा?"

"माझ्या डोक्यावर ठेव," हा म्हणाला. "पण तिथून काढ."

पोराने फडकं काढलं. मग शिडी, झारी आणि फडकं तिन्ही सांभाळत, धडपडत आत गेला. आत जाऊन त्याने ते कुठे खोचलं असेल, ते गेटाबाहेरून आम्हाला दिसत नाही. तेलवाला पुढच्या पाळीची वाट बघत तिथेच बसून राहिला.