मिस्त्रींना न विचारता लिहिलेली तीन पानं

मुलांनो, तुम्ही दोघं तिकडे ऑफिसात अहवाल लिहिता, म्हणून माझा पहिला अहवाल कसा वाया गेला ते सांगते.

लग्नाआधी मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात नोकरी करत होते. तिथे सायकलच्या घंट्यांवर निकेलचा मुलामा चढवत. ऑफिसचं सगळं काम माझ्याकडे. एका वर्षी मुलाम्याचे पापुद्रे सुटू लागले. ज्या कारखान्याचं काम आम्ही करत होतो, त्यांनी महिन्याची मुदत दिली. नाहीतर काम दुसरीकडे. आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गाळाच बंद पडला असता.

बाहेरून रसायनतज्ज्ञ बोलवावा, असं मी मालकांना इंग्रजीत तीन पानं टाइप करून सुचवलं. कारणं, खर्च, फायदे, सगळं क्रमवार.

"झकास लिहिलंय, बाई," मालक म्हणाले. "पण बाहेरचा माणूस आला की मिस्त्री पिशवी उचलून चालू लागेल. मग टाकीवर तुम्ही उभ्या राहणार?"

मिस्त्री मालवणकडचे. मुलाम्याच्या टाकीतल्या निकेलच्या पाण्याचा रंग बघून घंट्या किती वेळ बुडवायच्या ते ठरवत. माझ्या तीन पानांत ते एकदाच आले होते, तेही दोषांच्या यादीत.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आता इलात इचारूक? सगळा टायपून झाल्यावर?"

"चुकलंच माझं. पण मिस्त्री, यातला जाणकार समोर बसला, तर तुम्ही त्याला काय विचाराल?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "रविवारी टाकी बंद ऱ्हवली की सोमवारचो माल कित्या बिघडता, ता इचारीन." त्यानंतर ते थांबेचनात. विहिरीचं पाणी, टाकीच्या तळाचा गाळ, पॉलिशचं तेल. अकरा प्रश्न झाले. टाइपरायटर इंग्रजी, म्हणून मी ते हाताने मराठीत उतरवले. खाली त्यांनी सही केली.

मालकांनी कागद वाचला. "काय रे मिस्त्री, इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस?"

"तुमी इचारलात कधी?"

मालक हसले. "मिस्त्रीलाच विचारायचंय, तर बोलवा, बाई, त्या माणसाला."

रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले. कागद वाचून ते मालकांच्या केबिनमध्ये न बसता थेट टाकीकडे गेले. मिस्त्री आधी हात बांधून उभे होते. अर्ध्या तासाने दोघंही टाकीवर वाकून वाद घालत होते, आणि मालक चहाचे कप घेऊन मागे उभे होते. मुदत संपायच्या आत चांगल्या घंट्यांची पहिली पेटी कारखान्याकडे गेली. ती मिस्त्रींनी स्वतः बांधली.