‘बहुतेक’ न म्हणणारे जावईबापू

१८ जानेवारी. उबवणी यंत्राच्या जाळ्या पुसायचं काम आज सकाळी काढलं होतं. ते तसंच राहिलं आणि दिवस जावईबापूंशी भांडण्यात गेला. ‘बहुतेक’ हा शब्द न उच्चारता पन्नाशी गाठलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात हा एकच. त्यांनी हे वाचलं तर हेही खोडून काढतील. अख्खा जिल्हा मी कधी विचारत फिरले?

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. चिखलीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. माहीत असेल तेवढंच बोलायचं, त्यापुढे एक अक्षर नाही, असा त्यांचा नेम. बहिणीला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, “पोरगी पसंत हाये ना?” हे म्हणाले, “आतापर्यंत जेवढी पाह्यली तेवढी पसंत हाये.” वडील उठून अंगणात गेले. आईने शिऱ्याची दुसरी बशी पुढे केली म्हणून लग्न झालं. धाडच्या स्टँडवर एका बाईने त्यांना विचारलं, बुलढाण्याची गाडी गेली का? “मी आल्यापासून नाही गेली.” त्याच्या आधी? “त्याची माहिती नाही.” बाई म्हणाली, “मंग खांबावानी उभे कायले राह्यले इथं?” बहीण तर कधीची हरली आहे. “यायले भाजीत मीठ बराबर हाये का विचारलं, तं म्हणते, या घासात हाये.” आजाऱ्याला भेटायला गेले तर लोक ‘होईल बरं’ म्हणतात, हे फाइल मागतात. त्यामुळे आता त्यांना कोणी नेतही नाही.

तर आज. उंद्रीत मी गावरान कोंबड्यांची पिल्लं काढून देते. यंत्र जुनं, एका बंद पडलेल्या केंद्राकडून घेतलेलं, कॉम्प्युटरवर चालणारं. हीटरला शंभरापैकी किती जोर द्यायचा तो आकडा कॉम्प्युटर पाठवतो. सकाळी लाइट गेली, झटका देऊन परत आली, आणि तो प्रोग्रॅम उघडेचना. हीटर गार. आकडा हाताने घालायची सोय हीटरच्या डब्यावर आहे, पण आकडा कोणाला माहीत? यंत्र बसवून देणाऱ्या मिस्त्रीचा फोन कधीचा बंद. मी यंत्रावर गोधड्या टाकल्या आणि जावईबापूंना बोलावलं.

ते स्कूटरवरून पोचले तेव्हा वच्छलाबाई उंबऱ्यात येऊन बसली होती. गावात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली त्यात तिच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. त्याआधी माझ्याकडे आणून दिलेली अंडी तेवढी उरली. तिच्या सासूपासूनची जात. त्या अंड्यांत आता जीव धरला होता आणि बाहेर थंडी मी म्हणत होती.

“वाचतील ना, साहेब?” तिने विचारलं.

“माहीत नाही, माय,” जावईबापू म्हणाले.

मी त्यांच्यावर डोळे वटारले. खोटं का होईना, हो म्हणायला काय जातं? पण ते कॉम्प्युटरपुढे बसलेही होते. विंडोजच्या पोटात म्हणे रजिस्ट्री नावाचं कोठार असतं, आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज तिथे ठेवतो. प्रोग्रॅम बिघडला तरी ठेवलेलं जागेवर राहतं. मी म्हटलं, मग उघडा की कोठार. तर म्हणाले, “हातानं उघडलं तं चुकून बदलून जाते, ताई. मी फक्त वाचणारा कोड लिहितो.” आणि तिथे बसून लिहायला लागले. गोधडीखाली हात घातला की मला ऊब कमी झालेली कळत होती.

कोड चालवला. पडद्यावर आलं: सापडलं नाही.

तेवढ्यात यंत्राच्या कंपनीतल्या इंजिनीअरचा फोन लागला. तो म्हणाला, मॅडम, अशा मशीनला साधारण साठ असतं, साठ टाका. मी डब्याकडे निघाले तर जावईबापू आडवे आले.

“साधारण म्हणजे किती?” त्यांनी मला विचारलं.

“साठ! आता सांगितलं ना त्यानं!”

“त्यानं पाह्यला काय तुमचा आकडा? लोक कोडमंधी असंच लिहिते, सापडलं नाही तं साठ धर. मंग मशीन साठ दाखवते, आन् आपल्याले वाटते सापडलं. माह्या कोडमंधी तसं नाही चालत.”

“थर्मामीटर लावते. वर गेलं तर कमी करू.”

“वर गेलेलं दिसंपर्यंत आत शिजतील.”

“आन् असंच बसलो तं थिजतील! काऊन अडून बसले हो तुम्ही?”

“अडलो नाही. वाचून राह्यलो.”

माझा हात डब्यावर होता. मी वच्छलाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “ताई, तुमच्या दोघाईचं होऊ द्या. पण लवकर करा वं माय.”

जावईबापूंनी आपला कोड परत वरपासून वाचला. मग एकाएकी म्हणाले, “तुमचा प्रोग्रॅम जुना, विंडोज नवं.” नव्या विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रॅमचं सामान कोठारातल्या वेगळ्या खोलीत जातं. जुना प्रोग्रॅम मागायला आला की विंडोज त्याला न सांगता तिकडेच नेतं. जावईबापूंचा कोड नवा, तो सरळ मोठ्या खोलीत शोधून रिकाम्या हाताने परत आला होता. त्यांनी कोडमध्ये जुन्या खोलीचा पत्ता घातला आणि चालवला.

चौतीस.

मी चौतीस टाकलं. हीटर लागला.

“साठ टाकलं असतं तं काय झालं असतं?” मी विचारलं.

“टाकलं नाही. मले माहीत नाही.”

वच्छलाबाईने मात्र परत तेच विचारलं, आणि त्यांनी परत तेच सांगितलं. अंडी लगेच बाहेर काढून बघण्यात अर्थ नव्हता; उद्याशिवाय काही दिसणार नव्हतं. ती उठून गेली. मला वाटलं, आता हेही निघतील. पण ते स्टूल ओढून यंत्राजवळ बसले. चहा थंड झाला तरी काचेतल्या पाऱ्यावरून नजर हलली नाही. दिवसभरात मला धीर देणारे पुष्कळ येऊन गेले, शेजारपाजारचे, फोनवरचे. होईल सगळं ठीक म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. ज्याने एक शब्द धीराचा दिला नाही तो माणूस दिवे लागेपर्यंत बसून राहिला. जाताना फक्त म्हणाला, “पारा खुणेवर आला. मघापासून जागचा हलला नाही.” बहिणीचा संसार इतकी वर्षं कसा चालला हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारणार नाही.

१९ जानेवारी. सकाळी खोलीत अंधार केला आणि वच्छलाबाईच्या ट्रेमधलं एकेक अंडं टॉर्चवर धरलं. काही गेली होती, ती बाजूला ठेवली. बाकीच्यांत लाल शिरा दिसत होत्या, आणि एकात तर काळा ठिपका चांगला उसळ्या मारत होता. तेवढं एक मी गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. मग ते जागेवर ठेवून दार लावलं आणि चप्पल घालून वच्छलाबाईच्या घराकडे निघाले.