पयला जागा हुईल त्यो काटा

राजनंदिनीला मी पयल्यांदा बघितलं तवा ती डेअरीतल्या टेबलाखाली शिरलेली, नुसते पाय बाहेर. मला वाटलं वायरमनच हाय! म्हटलं, "आवं, जाताना माझ्या घरचा पंखा बी बघा की." तर खालनं ही पोरगी निघाली आन् अशी बघितली माझ्याकडं... आजून हसू येतंय बाई.

आमच्या आष्ट्याच्या मळ्यातल्या डेअरीत कॉम्प्युटर तिनंच बसवलाय. सांगलीला शिकली. बापानं बजावलेलं, "ह्ये जमलं तर ऱ्हा हितं, न्हाईतर गुमान पुण्याला नोकरीला जा." तिला जायचं न्हवतं. आन् त्या कॉम्प्युटरनं तर पोरीचा नुसता जीव खाल्ला.

दूध मोजायचा काटा एका वायरीवर, फॅटचं मशीन दुसऱ्या. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटरला दोन्ही परकी. पयलं जागं हुईल त्यो काटा, मागनं उठंल ते फॅट. एका सकाळी फॅटचं मशीन आधी उठलं, आन् शेजारच्या मंगलच्या दीड लिटर, सात फॅटच्या दुधाचं झालं सात लिटर, फॅट दीड! हसावं का म्हशीचा अपमान झाला म्हणून रडावं, मंगलला कळंना.

चेअरमन आप्पासो तापले. "परत घोळ झाला तर ह्ये खोकं उचलायचं!"

"आन् सारख्या वायरी कोण उपसतंय?" राजनंदिनी बी तापली. "काल तिथं मोबाईल कुणी लावलावता चार्जिंगला?"

आप्पासो नुसतं खोकले.

मी म्हटलं, "नंदे, तुझ्या कॉम्प्युटरला एवढं बी कळंना व्हय गं?"

"काकी, तुमी रांगेत कॅन ठेवून घरी जाता. मागनं रांग पुढंमागं झाली, तर जो कॅन पयला त्यो तुमचा?"

"कसा हुईल? माझ्या कॅनवर माझं नाव कोरलंय!"

"मंग! वायरीच्या पोटात बी तिचा नंबर असतोय. त्यो बघूनच नाव दे, असं आता सांगतीया त्याला. वायर काढली की नाव पुसायचं, परत कुठं बी खुपसली की तेच नाव द्यायचं."

"मग आधीच सांगायला काय झालंतं, भवाने?"

दुसऱ्या दिवशी आप्पासोंनी सगळ्यांदेखत दोन्ही वायरी उपसून उलट्यापालट्या खुपसल्या. पुढं माझाच कॅन. दूध चार लिटर, बरोबर. फॅट सहा पॉइंट एक.

"घोळ झाला!" मी वरडले. "माझ्या म्हशीला सात लागतंय!"

आप्पासोंनी खोक्याकडं हात केला. पोरीचं तोंड उतरलं. पण गप्प बसंल ती कसली? तिनं वायरी काढल्या, परत घातल्या, त्याच दुधाचा नमुना परत लावला. सहा पॉइंट एक. अजून एकदा. सहा पॉइंट एक.

"ऱ्हाऊ द्या खोकं," आप्पासो म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या काय? म्हस हल्ली पाणी लय पितीया, म्हणून असंल."

"व्हय काकी?" राजनंदिनी म्हणाली. "मग सगळं तिलाच पिऊ द्या की. कॅनमदी कशाला वतताय?"

आख्खी रांग खिदळली. मी गुमान कॅन उचलला.