दादानं न धुतलेला प्याला

शामूदादा गेल्याचा निरोप कासमभाईंना द्यायचा की नाही, यावरून त्या सकाळी घरात वाद झाला. "त्याहीनं बोलनं टाकलं होतं, आता कायले सांगता?" वहिनी म्हणाली. मी कुणाचं ऐकणारी नाही, मी फोन लावला. निरोप सांगितला. पलीकडून फोन बंद झाला...

शामुवेल माझा थोरला भाऊ. पिंपळगाव राजात बी-बियाण्यांच्या दुकानात त्याची सारी नोकरी झाली. कासमभाई त्याचा शाळेपासूनचा दोस्त, पक्का कापूसवाला शेतकरी. दादाचा एकच दोष होता, त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. कुणी दोर मागितला आणि घरात नसला, तर हा शेजाऱ्याचा आणून द्यायचा. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, दिवसभर लोकांना नाही म्हणणं हाच माझा धंदा. त्यामुळे आमचं कधी पटलं नाही, आणि एकमेकांवाचून करमलंही नाही.

बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसाची ती सुरुवातीची वर्षं. बियाण्यासाठी दुकानापुढे झुंबड उडायची. पिशवीत बीटीसोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला. कुणीच ती लावत नसे. लोक दुकानाच्या पायरीवरच फेकून जात आणि दादा गोळा करून ठेवी. माल संपल्यावर एक दिवस कासमभाई आले. "शामू, तू असल्यावर मले बियानं नाई भेटनार का बे?" बस्स. एवढं पुरलं. दादानं आत जाऊन त्या पुड्या फोडल्या, बी कापडी पिशवीत भरलं आणि म्हणाला, "घरच्यासाठी बीटी काढून ठेवलं होतं, तूच ने." त्याला त्यात काही मिळायचं नव्हतं, फक्त दोस्ताचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

बोंडअळीनं ते शेत पोखरलं. कासमभाईंनी बैलजोडी विकली. आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "माहीच चूक. फवारा उशिरा मारला." दादा खाली मान घालून ऐकत राहिला. त्या वेळी तो बोलला असता तर... पण नाही बोलला.

आमचं चर्च म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली, मागे कडुनिंब आणि नळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मनुके भिजवून काढलेला रस काचेच्या इवल्या प्याल्यांत भरून लाकडी तबक बाकांवरून फिरतं. मनात पाप दडवून प्याला घेऊ नये, अशी आमच्यात समज. त्या वर्षापासून दादा प्याला न घेता तबक पुढे सरकवू लागला. बायकांच्या बाजूनं मला ते स्पष्ट दिसायचं. उपासना संपली की मात्र सगळ्यांचे प्याले नळावर तोच धुवायचा आणि स्वतःच्या वाट्याचा भरलेला प्याला निंबाच्या मुळाशी ओतायचा. मंडळीत कुजबुज व्हायची. कुणी म्हणे बाई, कुणी म्हणे बाटली! शेवटी मीच त्याला नळावर गाठलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"अरे, मग देवाजवळ माफी माग ना," मी म्हणाले. "दर रविवारी काय ऐकतोस मग?"

"देवाले तं सारं मालूमच हाये. त्याची लाज नाई वाटत मले," दादा म्हणाला. "कासमची वाटते."

अशीच वर्षं गेली. मग पोटाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा कुठे तो मला घेऊन कासमभाईंकडे गेला आणि एका दमात बोलून गेला. मला वाटलं होतं, म्हातारा गळ्यात पडेल. कुठलं काय! कासमभाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. "इतके साल मी मलेच शिव्या देऊन राह्यलो होतो, शामू. अन् तू समोर बसून ऐकत होता?" ते उठून आत गेले. आम्ही बसून राहिलो, चहासुद्धा आला नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला दादानं तबकातला प्याला उचलला आणि प्यायला. मला राग आला. "कासमभाईंनी कुठं माफ केलं तुला?"

"नाई केलं," तो म्हणाला. "पर आता लपवाले काही राह्यलं नाई. देवापुढं तेवढंच घेऊन गेलो. बाकी त्याची कृपा."

दफनाला कासमभाई आले. सगळे बाजूला झाल्यावर पुढे आले, मूठभर माती घेतली. "गुस्सा हाये मले अजून, शामू," ते मोठ्यानं म्हणाले, "पर मिट्टी देऊन राह्यलो." मी तिथे पहिल्यांदा रडले.

गेल्या आठवड्यात ते वहिनीला भेटायला घरी आले. दादाच्या खाटेशेजारी खिडकीत एक प्याला होता. अखेरच्या दिवसांत पाळकसाहेबांनी प्रभुभोजन घरी आणलं होतं, त्यातला. मी धुवायला उचलला तेव्हा दादानं अडवलं होतं. "ठेव, उद्या मीच धुईन." उद्या काही उजाडला नाही. हे सगळं मी कासमभाईंना सांगितलं. त्यांनी प्याला हातात घेतला. तळाशी रसाचा लालसर डाग वाळला होता.

"सारा रस पिला होता ना त्यानं?"

"हो."

"बरं झालं."

पाहुण्यासमोर उष्टा प्याला, म्हणून वहिनी संकोचली आणि धुवायला हात पुढे केला. कासमभाईंनी तो दिला नाही. जिथून उचलला होता तिथेच खिडकीत ठेवला. "राहू द्या, भाबी," ते म्हणाले. "त्याचं काम हाये थे."